कप्तानाच्या टेबलावरचा आंबट कोबी

'एंडेव्हर' जहाजाने 13 एप्रिल 1769 रोजी ताहिती बेटाच्या मातावाई उपसागरात नांगर टाकला. इंग्लंड सोडून साडेसात महिने झाले होते. शेवटचा ताजा हिरवा पाला मिळाला होता तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, त्यालाही जवळपास बारा आठवडे उलटले होते. तरीही जहाजावर आजारी माणसं अगदी थोडी होती. जहाजाचा प्रमुख जेम्स कुक (तेव्हा त्याचा हुद्दा लेफ्टनंटचा होता) याने त्या दिवशी रोजनिशीत याचं बरंचसं श्रेय तीन गोष्टींना दिलं: सॉवरक्राउट, सुक्या वड्यांचं सूप आणि माल्ट. सॉवरक्राउट म्हणजे बारीक चिरून, मीठ लावून आंबवलेला कोबी.

आंबवलेल्या अन्नाचे गुण सांगणाऱ्या लेखांत ही गोष्ट हमखास दोन ओळींत येते. कुकने खलाशांना आंबट कोबी खाऊ घातला आणि स्कर्व्ही पळाला. मलाही ती बरीच वर्षं तेवढीच माहीत होती. पण या प्रकरणात कोबीइतकंच महत्त्वाचं बाकीचंही आहे. तो लोकांच्या गळी कसा उतरला, त्याच्यासोबत आणखी काय काय चालू होतं आणि शेवटी शाबासकी कुणाच्या पदरात पडली, हे पाहिल्याशिवाय कोबीची खरी कामगिरी कळत नाही.

रोग आणि त्यावरचे तर्क

स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. हे जीवनसत्त्व माणसाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाही. साठा असतो दीड ग्रॅमच्या आसपास, आणि आहारातून काहीच मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात. कातडी, रक्तवाहिन्या, हिरड्या यांना धरून ठेवणारं कोलॅजन नीट तयार होत नाही. हिरड्या सुजतात, दात हलतात, अंगावर काळेनिळे डाग येतात. जुन्या, भरून आलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडतात.

आपल्या किनाऱ्याचाही या रोगाशी जुना संबंध आहे. वास्को द गामाच्या ताफ्यातली सुमारे तीस माणसं परतीच्या वाटेवर, 1498 च्या शेवटी अरबी समुद्र ओलांडताना यानेच मेली. पुढे लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजं सहा-सहा महिन्यांच्या प्रवासानंतर आजारी माणसं जुन्या गोव्यातल्या राजाच्या रुग्णालयात उतरवीत. इंग्रजांचा अनुभवही तसाच. कमोडोर अँसन 1740 मध्ये सुमारे 1,900 माणसं घेऊन निघाला. चार वर्षांनी त्याचं 'सेंच्युरियन' हे एकच जहाज परतलं, आणि मूळच्या माणसांपैकी दोनशेसुद्धा त्यावर नव्हती. सगळे स्कर्व्हीने मेले नाहीत, पण मोठा वाटा त्याचाच होता.

जेम्स लिंड या नौदलाच्या सर्जनने 1747 मध्ये बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला होता. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. 1753 मध्ये त्याचं पुस्तकही आलं. पण नौदलाने लगेच लिंबं मागवली नाहीत. त्या काळी वजन पडत होतं ते डेव्हिड मॅकब्राइड या आयरिश डॉक्टरच्या सिद्धांताचं. त्याचं म्हणणं असं, की शरीर कुजू लागतं तेव्हा त्यातली 'स्थिर हवा' (आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो) निघून जाते. ती परत भरायची तर पोटात जाऊन आंबेल असं काही द्यायला हवं. मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा त्याला त्यासाठी उत्तम वाटला.

म्हणजे आंबण्यावर भिस्त होतीच. फक्त ते आंबणं पिंपात नव्हे, पोटात व्हायचं होतं.

पिंपातला माल

ऑगस्ट 1768 मध्ये प्लिमथहून निघताना 'एंडेव्हर'वर 94 माणसं होती. शुक्राचं सूर्यावरून होणारं अधिक्रमण ताहितीहून पाहणं हे मोहिमेचं जाहीर काम. नौदलाला त्याच खर्चात आणखी एक काम उरकून घ्यायचं होतं, ते म्हणजे स्कर्व्हीवरचे उपाय वापरून पाहणं. त्यामुळे माल्ट चढला, सूपाच्या वड्या चढल्या, मोहरी आणि व्हिनेगर चढलं, आणि 7,860 पौंड सॉवरक्राउट चढला. आपल्या मापात साडेतीन टन. माणशी आठवड्याला दोन पौंड असा शिधा ठरला. डच खलाशी आंबवलेला कोबी आधीपासून नेत असत, तेव्हा कल्पना काही कुकची नव्हती.

आता पिंपात घडतं काय ते पाहू. चिरलेल्या कोबीला वजनाच्या सुमारे दोन टक्के मीठ लावून चुरडलं की त्याला स्वतःचं पाणी सुटतं. त्याच पाण्यात तो दाबून बुडवायचा. विरजण लागत नाही, कोबीच्या पानांवरचे जीवाणूच काम करतात. आधी ल्युकोनोस्टॉक जातीचे वाढतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याने पिंपातला प्राणवायू हाकलला जातो. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि जास्त आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस कुळातले जीवाणू ताबा घेतात. पीएच चारच्या खाली उतरतो आणि कुजवणाऱ्या जीवाणूंचा टिकाव लागत नाही.

या सगळ्यात क जीवनसत्त्व नव्याने तयार होत नाही. ते कोबीत आधीपासूनच असतं. ताज्या कच्च्या कोबीत 100 ग्रॅमला 35 मिलिग्रॅमच्या पुढे. हवा, उष्णता आणि वेळ हे त्याचे वैरी. पिंपात हवा नाही आणि आम्लात ते तुलनेने टिकून राहतं. जहाजाच्या पोटात ताजा कोबी काही आठवड्यांत सडला असता. आंबवलेला महिनोन् महिने टिकला आणि त्याच्यासोबत जीवनसत्त्वाचा काही हिस्साही टिकला. आंबवण्याने इथे रखवालदाराचं काम केलं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब आहे, कारण 'जिवंत जीवाणू' हे शब्द ऐकायला जास्त बरे वाटतात.

चाबूक आणि टेबल

माल चढला, पण खायचं कुणी? खारवलेलं गोमांस, डुकराचं मांस, वाटाणे आणि कडक बिस्किटं यांवर वाढलेला खलाशी नव्या पदार्थाकडे संशयानेच पाहायचा. सप्टेंबर 1768 मध्ये मदेरा बेटावर ताजं मांस मिळालं, तर दोघांनी तेही नाकारलं. कुकने त्यांना प्रत्येकी बारा फटके मारवले. फटके मारून ताजं मांस खायला लावणारा हाच माणूस कोबीच्या बाबतीत मात्र वेगळं वागला.

त्याने रोज थोडा सॉवरक्राउट शिजवून कप्तानाच्या टेबलावर वाढायला लावला. तो खायची मुभा सगळ्या अधिकाऱ्यांना, अपवाद कुणाचाच नाही. खलाशांना हवा तेवढा घ्या, नको तर राहू द्या, अशी मोकळीक. आठवडाभरात मागणी इतकी वाढली की माणशी वाटा ठरवून द्यावा लागला. ताहितीच्या नोंदीत कुकने यावर जे लिहिलं त्याचा आशय असा: खलाशाला नेहमीच्या चाकोरीबाहेरचं काही द्या, कितीही हिताचं असो, ते त्याच्या घशाखाली उतरणार नाही, आणि ज्याने ते शोधलं त्याच्या नावाने कुरकुर ऐकू येईल. पण वरचे लोक त्याला मोल देतायत असं दिसलं, की तोच पदार्थ जगात भारी ठरतो आणि शोधणारा भला माणूस.

आपल्याकडे नाचणीच्या आंबिलीचं काय झालं ते आठवा. गावाकडचं, उन्हाळ्यात पोटाला थंडावा देणारं, गरिबाघरचं पेय म्हणून तिच्याकडे नाक मुरडणारेच आता तिला काचेच्या उंच ग्लासात, चौपट दराने, 'प्रोबायोटिक' म्हणून पितात. टेबल बदललं.

कुकची युक्ती गंमत म्हणून सांगितली जाते. आहाराच्या दृष्टीने ती या प्रकरणाचा कणा आहे. रोज थोडं आणि महिनोन् महिने खाल्लं तरच कामाचं, असं हे अन्न आहे. फटक्यांनी ते एकदा खाऊ घालता येईल, रोज नाही.

परिणाम, आणि बटाव्हिया

'एंडेव्हर'च्या तीन वर्षांच्या प्रवासात स्कर्व्हीने एकही माणूस मेला नाही. त्या काळी हे जवळपास अविश्वसनीय होतं. पण रोग फिरकलाच नाही असं नव्हे. ताहितीला पोहोचण्याआधी काही दिवस निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स याच्या हिरड्या सुजल्या आणि तोंडात पुटकुळ्या आल्या. तो माल्टचा काढा घेत होता आणि सॉवरक्राउटही खात होता. मग त्याने स्वतःसोबत आणलेला लिंबाचा रस काढला. आठवडाभराच्या आत हिरड्या पूर्ववत झाल्याचं त्याने लिहून ठेवलं. एका जहाजावर, एकाच माणसाच्या तोंडात, तीन उपायांची तुलना झाली होती. त्यातून पुढे काही निघालं नाही.

ऑक्टोबर 1770 मध्ये जहाज बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, डागडुजीसाठी लागलं. आजाराने आपला एकही माणूस गेला नाही, असं कुकने तिथून अभिमानाने कळवलं. (हे काटेकोर खरं नव्हतं. एक चित्रकार फेफऱ्याने आणि एक खलाशी क्षयाने आधीच गेले होते.) डबक्यांनी आणि साचलेल्या कालव्यांनी भरलेल्या त्या शहरात हिवताप आणि हगवण लागली. सात जण तिथेच मेले, त्यात जहाजाचा सर्जनही होता. डिसेंबरअखेर जहाज निघालं आणि केप ऑफ गुड होपला पोहोचेपर्यंत आणखी वीसहून अधिक माणसं समुद्रात सोडावी लागली.

खलाशी तेच होते, कप्तानाची शिस्तही तीच होती. दूषित पाणी आणि डास यांच्यापुढे आंबवलेल्या कोबीचं काही चाललं नाही. 'आंबवलेल्याने प्रतिकारशक्ती वाढते' हे वाक्य कुठे वाचलं, की मला बटाव्हिया आठवतं. कुठल्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती, हे त्या वाक्यात कधी नसतं.

दोन जहाजं, एक शिधा

दुसऱ्या सफरीत, 1772 ते 1775, दोन जहाजं होती. 'रेझोल्यूशन' कुककडे, 'ॲडव्हेंचर' टोबायस फर्नोकडे. दोन्हींवर स्कर्व्हीवरचे तेच पदार्थ भरलेले.

खरी कसोटी पहिल्याच दक्षिण सफरीत लागली. केप सोडल्यापासून न्यूझीलंडच्या डस्की साउंडला पोहोचेपर्यंत 'रेझोल्यूशन' 117 दिवस जमीन न पाहता बर्फाळ समुद्रात फिरलं. शरीरातला साठा संपायला इतके दिवस पुरेसे आहेत. तरी स्कर्व्हीने गंभीर झालेला माणूस एकच होता. इथे ताजा पाला नव्हताच, तेव्हा सॉवरक्राउटच्या बाजूने माझ्या नजरेत सर्वांत भक्कम पुरावा हाच. डस्की साउंडला उतरताच कुकने तिथल्या रिमू झाडाच्या डहाळ्या उकळून, काकवी आणि माल्टचा अर्क घालून, एक प्रकारची बिअर आंबवली. आंबवण्याचा नाद त्याला लागलाच होता.

जुलै 1773 मध्ये दोन्ही जहाजं न्यूझीलंडहून निघून ताहितीकडे चालली होती. 'ॲडव्हेंचर'चा आचारी मेला आणि वीसेक माणसं स्कर्व्ही-हगवणीने आडवी झाली, अशी बातमी आली. त्या वेळी 'रेझोल्यूशन'वर आजारी तिघे, त्यात स्कर्व्हीचा एक. कुकने कारण शोधलं ते असं: न्यूझीलंडच्या मुक्कामात 'ॲडव्हेंचर'च्या लोकांनी रानसेलरी आणि इतर हिरवा पाला पुरेसा खाल्लाच नव्हता. त्याच्या स्वतःच्या जहाजावर किनारा लागला की पाला खुडून आणायचा, सूपात आणि लापशीत शिजवायचा, हा दंडक होता. तांब्याच्या भांड्यांत मांस उकळताना वर येणारी चरबी खायलाही त्याने बंदी केली होती. त्याचं कारण त्याला ठाऊक नव्हतं. तांबं क जीवनसत्त्वाचा नाश घडवतं, हे आज माहीत आहे.

पिंपं दोन्हींकडे होती. फरक पडला तो रोजच्या अंमलबजावणीत आणि हिरव्या पाल्यात.

थोडा हिशेब

आठवड्याला दोन पौंड म्हणजे दिवसाला सुमारे 130 ग्रॅम सॉवरक्राउट. आजच्या डबाबंद सॉवरक्राउटमध्ये 100 ग्रॅमला साधारण 15 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व भरतं. म्हणजे रोज 19-20 मिलिग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफिल्डमध्ये सैन्यात जायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर चाचणी झाली. रोज 10 मिलिग्रॅम इतकं क जीवनसत्त्व स्कर्व्ही रोखायला आणि बराही करायला पुरलं. तेव्हा कागदावर कोबी पास होतो. पण त्याला शिजवल्यावर काही भाग गेला असणार, पिंपात दीड-दोन वर्षं काढल्यावर आणखी काही. काठावर पास, असं म्हणू. बँक्सच्या हिरड्याही तेच सांगतात.

माल्टच्या काढ्यात क जीवनसत्त्व जवळपास नसतंच.

आणि तरी मार्च 1776 मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे आपल्या खलाशांच्या आरोग्यावर निवेदन करताना कुकने पहिला मान दिला तो माल्टला. सॉवरक्राउट दुसरा. लिंबा-संत्र्याच्या अर्काबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. महाग आहे आणि एकट्याने फार काही करत नाही, असं त्याने सोसायटीचे अध्यक्ष जॉन प्रिंगल यांना कळवलं. त्यात त्याची लबाडी नव्हती. तो अर्क रस आटवून केलेला असे आणि आटवण्यातच त्याचं सत्त्व जाई. सगळे उपाय एकाच वेळी, एकाच माणसावर वापरले, की यश कुणाच्या नावावर लिहायचं हे आधीच मनात असलेला सिद्धांत ठरवतो. प्रिंगल स्वतः मॅकब्राइडच्या मताचे होते. त्या वर्षीचं सोसायटीचं कोप्ली पदक कुकला मिळालं. समारंभ झाला तेव्हा तो तिसऱ्या सफरीवर निघून गेला होता, आणि तिथून तो परतला नाही.

लिंबाचा रस ब्रिटिश नौदलाच्या शिध्यात रीतसर आला 1795 मध्ये, लिंडच्या चाचणीनंतर 48 वर्षांनी.

आपल्या ताटाकडे

आज आंबवलेल्या अन्नाकडे कुणी स्कर्व्हीसाठी वळत नाही. एक आवळा खाल्ला तरी ते काम होतं. आज चर्चा आहे आतड्यातल्या जीवाणूंची. तिथे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्रयोग महत्त्वाचा. 36 निरोगी प्रौढ, अर्ध्यांना भरपूर तंतुमय आहार, अर्ध्यांना दही, केफीर, किमची, आंबवलेल्या भाज्या, कोंबुचा असं आंबवलेलं, दहा आठवडे. आंबवलेल्या गटात आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी 19 प्रथिनं घटली. नवे दिसलेले जीवाणू बहुतांशी त्या पदार्थांतून आलेले नव्हते, ही मला त्यातली सर्वांत चक्रावणारी गोष्ट वाटते. सोबत हेही सांगायला हवं, की प्रयोगाने आधी ठरवलेलं मुख्य मोजमाप बदललं नाही, माणसं थोडी होती, आणि ती दिवसाला सहा वेळा आंबवलेलं खात होती. जेवणाच्या शेवटी घेतलेलं चमचाभर दही ते नव्हे.

बाकीच्या गुणांपैकी ज्यावर फारसा वाद नाही असा एक म्हणजे दुधातली साखर. दूध न पचणाऱ्या अनेकांना दही चालतं, कारण त्यातले जिवंत जीवाणू लॅक्टोज पचवायला हातभार लावतात. इडली-आंबोळीच्या पिठातले जीवाणू वाफेवर आणि तव्यावर मरतात. पण आंबताना धान्य-डाळीतलं, लोहाला बांधून ठेवणारं फायटेट कमी झालेलं असतं, त्यामुळे लोह शोषलं जाणं सोपं होतं. तो फायदा शिजवल्यावरही राहतो. इथेही कुकच्या पिंपासारखंच आहे, काम आधीच होऊन गेलेलं असतं.

कोबी घरी करायचा असेल तर किलोला 20 ग्रॅम मीठ, स्वच्छ काचेची बरणी, आणि कोबी कायम पाण्याखाली राहील असं वर वजन. युरोपात थंड तळघरात त्याला महिना-दीड महिना देतात. पुण्यात मी मे महिन्यात केला तर पाचव्या दिवशीच चांगला आंबट झाला आणि दहाव्या दिवशी मऊ पडू लागला, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवला. वर पांढरा पातळ थर आला तर तो काढून टाकता येतो. रंगीत, केसाळ बुरशी आली तर अख्खी बरणी टाकायची, वरचं खरवडून खालचं वाचवायचं नाही.

आणि प्रमाण. कुकच्या शिध्याइतका, रोज 130 ग्रॅम खाल्ला, तर त्यातून सुमारे अडीच ग्रॅम मीठ पोटात जातं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. पापड, लोणचं, फरसाण आधीच ताटात असेल आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर दोन-तीन चमचे कोबी घ्यावा आणि बाकीची वाटी बिनमिठाच्या ताकाने भरावी.